सयाजीबागेतली पायी फेरी : काळ्या घोड्यापासून संकल्पभूमीपर्यंत

बडोद्याला नातेवाइकांकडे गेलं की पाहुण्यांना लक्ष्मीविलास पॅलेस दाखवतात आणि संध्याकाळी मुलांना घेऊन सयाजीबागेत जातात. जुने बडोदेकर या बागेला अजूनही कमाटीबागच म्हणतात. छोटी रेल्वे, प्राणिसंग्रहालय, फुलांचं घड्याळ, भेळ, झालं! पण दहा-बारा जणांनी मिळून, कुणी जाणता माणूस सोबत घेऊन हीच बाग सावकाश पायी पाहिली, तर बडोदा संस्थानाचा मोठेपणा आणि त्याला पडलेली मर्यादा दोन्ही एकाच कुंपणाच्या आत सापडतात. अशी फेरी कशी करावी, कुठे थांबावं, याची ही माहिती.

सुरुवात : काळा घोडा

रेल्वे स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर बागेचं मोठं दार आहे. समोरच्या चौकात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा अश्वारूढ पुतळा आहे. डर्वेंट वुड या इंग्लिश शिल्पकाराचं हे काम. पुतळ्याच्या रंगावरून चौकाचं नावच ‘काळा घोडा’ पडलं. सगळ्यांनी इथे जमावं, म्हणजे कुणी चुकत नाही.

गोष्टही इथूनच सुरू करावी. 1875 साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक आला. तोच पुढे सयाजीराव झाला. 1879 मध्ये बाग तयार झाली तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते आणि राज्याचा सगळा अधिकार अजून त्यांच्या हाती आला नव्हता. तो 1881 च्या डिसेंबरात मिळाला. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. ते तंजावरच्या मराठी कुळातले, जन्म कुंभकोणमचा. तमिळ मुलखात वाढलेला मराठी माणूस गुजरातेतल्या मराठी संस्थानाचा दिवाण होतो, हे सीमेवरच्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको.

संग्रहालय

बागेतल्या संग्रहालयाला किमान तासभर ठेवा. इमारतीचं काम 1894 मध्ये पुरं झालं. शेजारची चित्रशाळा पुढे 1921 मध्ये लोकांसाठी उघडली. मुलं धावतात ती नील देवमाशाच्या सांगाड्याकडे (लांबी 70 फुटांहून जास्त) आणि इजिप्तच्या ममीकडे. मोठ्यांनी मात्र अकोट्याच्या जैन धातुमूर्ती चुकवू नयेत. विदर्भातलं अकोला नव्हे. अकोटा हे विश्वामित्रीकाठचं जुनं गाव, आता शहरातच आलंय. तिथे सापडलेल्या मूर्तींतल्या सर्वांत जुन्या जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

नदी

विश्वामित्री बागेला लागूनच वाहते. भर शहरातून जाणाऱ्या या नदीत मगरी राहतात, ही अफवा नव्हे. 2019 आणि 2024 च्या पुरांत त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. म्हणून नदी पुलावरून पाहावी, काठावर उतरू नये. लहान मुलांचा हात सोडू नये.

संकल्पभूमी : इथे थांबाच

बरेच जण हा थांबा वगळून पुढे जातात. तसं करू नका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायला ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरी सोय होईना. दुपारचे चार वाजले होते आणि मुंबईची गाडी रात्री नऊला होती. ते पाच तास त्यांनी या बागेत बसून काढले. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

ज्या वडाखाली ते बसले असं मानलं जातं, ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. 23 सप्टेंबरला इथे दूरदूरहून लोक येतात.

ज्या राजाने त्यांना परदेशी शिकायला पाठवलं, त्याच राजाच्या राजधानीत त्यांना एक खोली मिळाली नाही. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कायदा राजाच्या हातात होता, घरांची दारं लोकांच्या हातात होती. बागेला मात्र दरवान नव्हता, की जात विचारणारं कुणी नव्हतं. सार्वजनिक बाग म्हणजे काय, हे इथे उभं राहिलं की नीट कळतं. गटातल्या कुणी पाहुण्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, तीही गुळगुळीत न करता.

शेवट : कीर्तिमंदिर

पूल ओलांडला की गायकवाड घराण्याचं स्मारक, कीर्तिमंदिर, लागतं. सयाजीरावांनी 1936 मध्ये ते बांधवलं. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाई, महाभारत. शांतिनिकेतनच्या चित्रकाराचं इतकं मोठं भित्तिकाम आपल्या इतक्या जवळ आहे, हे बडोद्याच्या मराठी घरांतही पुष्कळांना ठाऊक नसतं.

निघण्याआधी

- दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. संग्रहालय पहाटे उघडत नाही. म्हणून आधी बाग फिरून घ्या आणि नंतर आत जा.
- संग्रहालय आणि कीर्तिमंदिराच्या वेळा व सुट्ट्या आदल्या दिवशी विचारून घ्या.
- गट पंधराच्या आत ठेवा. त्याहून मोठा झाला की मागच्यांना ऐकू येत नाही.
- बाग शंभर एकरांहून मोठी आहे. चपला चालायच्या घाला, पाण्याची बाटली घ्या.
- दांडिया बाजार, रावपुऱ्यातली एखादी आजी किंवा आजोबा सोबत आले तर बघा. पाटीवर नसलेलं बडोदं त्यांच्याकडून ऐकायला मिळतं.