'दमदम' म्हणून नोंदलेलीं पांच काडतुसें

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या घरच्या जुन्या कागदांचे दोन पेटारे आम्हांस चाळावयास दिले. एका पेटाऱ्याच्या तळाशीं, रुमालांखालीं, पुठ्ठ्याची लहान पेटी निघाली व तींत दारू काढून टाकलेलीं पांच काडतुसें आढळलीं. गोळ्यांस तांबूस धातूचें कवच होतें. परंतु टोंक उघडें असून तेथें शिसें दिसत होतें. पेटीवरील छाप बराच पुसट झाला होता, तरी 'हॉर्नेट' आणि '४५ ग्रेन' एवढीं अक्षरें भिंगाखालीं वाचतां आलीं. सोबतच्या यादींत मात्र कोणीं तरी 'दमदम गोळ्या, नग ५' अशी नोंद करून ठेविली होती. ती वाचून आम्हींही क्षणभर मान डोलाविली, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. (ज्यांच्या संग्रहांत अशीं काडतुसें भरलेल्या स्थितींत निघतील, त्यांनीं तीं स्वतः उघडूं नयेत, पोलीस ठाण्यास कळवावें. १९५९ च्या शस्त्रकायद्यापुढें पुराणवस्तूची सबब चालत नाहीं.)

मान डोलाविण्याचें कारण असें कीं, संस्कृत शिकवितांना मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतील युद्धधर्माचा भाग आला म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांस हटकून 'दमदम' गोळीचा दाखला देत असूं. रणांत कर्णी बाण, विषारी बाण व पेटते बाण वापरूं नयेत असें मनूचें शासन आहे. तेंच १८९९ सालीं हेग येथें युरोपीय राष्ट्रांस सुचलें, असें आम्ही सांगत असूं. हा दाखला अर्धाच खरा होता, हें या पांच काडतुसांमुळें आम्हांस कळलें.

दमदम हें कलकत्त्याजवळील गांव. तेथील सरकारी काडतूस-कारखान्यावर कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले हे अधिकारी होते. त्या काळच्या .३०३ रायफलीची मार्क २ गोळी २१५ ग्रेन, म्हणजे सुमारें १४ ग्रॅम वजनाची असून तिचें शिसें निकलमिश्रित तांब्याच्या कवचांत पूर्णपणें झांकलेलें असे. १८९५ च्या चित्रळच्या स्वारींत ही गोळी शत्रूच्या शरीरांतून सुईसारखी आरपार जाते व तो पुढें येतच राहतो, अशी सैन्याची तक्रार आली. तेव्हां बर्टी-क्ले यांनीं टोंकाकडील कवच थोडें मागें घेऊन शिसें उघडें ठेविलें. अशी गोळी लागतांच चपटी होऊन पसरे व मोठी जखम करी. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत तिचा उपयोग झाला, आणि कारखान्याच्या गांवाचें नांव सर्व जगांत निंदाव्यंजक होऊन बसलें.

२९ जुलै १८९९ चा हेगचा जाहीरनामा या गोळीसंबंधींचा होय. वाचकांनीं त्यांतील एका शब्दाकडे लक्ष द्यावें. ज्या गोळ्या 'मानवी' शरीरांत सहज पसरतात वा चपट्या होतात, त्यांच्या वापरास करार करणाऱ्या राष्ट्रांच्या परस्पर युद्धांत तेथें बंदी केलेली आहे. ब्रिटननें प्रथम त्यास मान्यता दिली नाहीं. ती १९०७ सालीं दिली. ग्रंथ लावणारा ज्याप्रमाणें एका विशेषणावर सबंध सूत्राचा अर्थ बसवितो, त्याप्रमाणें येथें 'मानवी' या विशेषणावर सर्व भार आहे. शिकारीच्या गोळीविषयीं हा जाहीरनामा एक अक्षरही बोलत नाहीं.

आणि शिकारीच्या क्षेत्रांत पसरणारी गोळी दमदमच्या कितीतरी आधींची आहे. काळ्या दारूच्या दिवसांत गोळी निव्वळ शिशाचीच असे. तिला पसरण्यास कोणाच्या युक्तीची गरज नव्हती. 'एक्स्प्रेस' नांवाच्या रायफलींत तर टोंकाशीं पोकळी ठेविलेल्या हलक्या गोळ्या वापरीत. सर सॅम्युएल बेकर यांनीं १८९० च्या आपल्या ग्रंथांत, अशी पोकळ गोळी मोठ्या जनावराच्या अंगांत वरचेवर फुटून जाते म्हणून तिला दोष दिला व घन शिशाची गोळी पसंत केली. पुढें धूरविरहित दारू आली, वेग वाढला, उघडें शिसें नळीच्या आट्यांत टिकेना, म्हणून कवच आलें. आणि कवचाबरोबरच सुईसारखी आरपार जाण्याचा दोषही आला. तेव्हां शिकाऱ्यांस टोंक पुन्हा उघडें करावें लागलें.

येथवर मोठ्या जनावरांची गोष्ट झाली. लहान श्वापदांचा प्रश्न याहून नाजूक आहे, व आमच्या पेटींतील काडतुसें त्याच प्रश्नाचें उत्तर म्हणून निर्माण झालीं. आपल्याकडील खोकड दोन-तीन किलो वजनाचें. कोल्हा आठ-दहा किलोंचा. कवच पूर्ण असलेली गोळी अशा प्राण्याच्या छातींतून एक बारीक भोंक पाडून निघून जाते. प्राणी पळतो, बिळांत शिरतो, आणि तेथें तासन्‌तास तळमळून मरतो. मारणाऱ्यास वाटतें कीं नेम चुकला. हरणासाठीं केलेली उघड्या टोंकाची गोळी घेतली तरी तोच अनुभव येतो. कारण तिचें कवच जाड, आणि तें उलगडण्यास जेवढा प्रतिरोध लागतो तेवढा चार बोटें जाडीच्या छातींत मिळत नाहीं. म्हणजे टोंक उघडें आहे एवढ्यानें भागत नाहीं. कवचाची जाडी, गोळीचा वेग आणि लक्ष्याचें शरीर या तिघांचा मेळ बसावा लागतो.

अमेरिकेंत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेंतील कांहीं हौशी अधिकाऱ्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत जुन्या .२२ काडतुसाला नवी दारू व पातळ कवचाची गोळी जोडून प्रयोग चालविले. १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें तें काडतूस बाजारांत आणलें. तेंच 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी. गोळी तीन ग्रॅमहूनही हलकी, वेग दर सेकंदास सुमारें २,४०० फूट. कोल्ह्याएवढ्या प्राण्याच्या छातींत शिरतांच ती तेथल्या तेथें फुटते व प्राणी जागच्या जागीं पडतो. १९३५ सालीं 'स्विफ्ट' नांवाचें काडतूस ४८ ग्रेनची गोळी ४,११० फुटांच्या वेगानें टाकूं लागलें, तेव्हां उलटी अडचण उभी राहिली. हॉर्नेटची पातळ गोळी त्या वेगांत कातडीवरच फुटून उथळ जखम करी व प्राण एकदम जात नसे. म्हणून पुन्हा कवच जाड करावें लागलें. एकच गोळी एका वेगांत योग्य आणि दुसऱ्या वेगांत दुष्ट ठरली.

हें सर्व वाचून आम्हांस शार्ङ्गधरपद्धतींतील धनुर्वेदाचें प्रकरण आठवलें. पीटर पीटरसन यांनीं १८८८ सालीं मुंबईस छापलेल्या त्या ग्रंथांत बाणांचीं दहा फळें सांगून प्रत्येकाचें काम वेगळें नेमून दिलें आहे: सूचीमुख कवचासाठीं, भल्ल हृदयासाठीं, याप्रमाणें. कोणतें फळ चांगलें, असा प्रश्नच तेथें नाहीं. कशासाठीं चांगलें, एवढाच आहे. मनूचा निषेधही आतां आम्हांस निराळा दिसतो. कर्णी बाण निषिद्ध, कारण त्याचें आंकडेदार फळ ओढून काढतां येत नाहीं. लढाईबाहेर पडलेला वीर वांचावा, त्याचें शल्य निघावें, ही त्यामागील दृष्टि असावी असें आमचें मत आहे. हेगच्या निषेधाचा आशयही हाच: सैनिक निकामी झाला म्हणजे पुरे. शिकारींत जगविण्याचा हेतूच नसतो, म्हणून तेथें दयेचा नियम नेमका उलटा होतो. जखमी होऊन सुटलेला प्राणी हें तेथें क्रौर्य, आणि तत्काळ मृत्यु ही दया. ज्यांस मुळांत मृगयाच मान्य नाहीं, त्यांच्याशीं आमचा येथें वाद नाहीं. मनूनेंही कामज व्यसनांत तिची गणना केली आहे.

आपल्या देशांत कोल्हा, खोकड, रानमांजर यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच असल्यामुळें हा विचार आतां दप्तरापुरताच उरला आहे. ऑस्ट्रेलियांत मात्र तो जिवंत आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपीय वसाहतवाल्यांनीं शिकारीच्या हौसेनें नेऊन सोडलेल्या कोल्ह्यांनीं तेथील लहान पिशवीधारी प्राण्यांचा फडशा पाडला, आणि त्यांस मारतांना कोणती गोळी वापरावी व कोठें नेम धरावा याचा विचार तेथें आजही करावा लागतो. हौस एकाची आणि प्रायश्चित्त कोल्ह्याचें!

राहतां राहिली नोंद. हॉर्नेट बाजारांत आलें हेगच्या जाहीरनाम्यानंतर ३१ वर्षांनीं. दमदमच्या गोळीशीं त्याचा संबंध एवढाच कीं दोहोंचें टोंक उघडें. स्नेह्यांच्या अनुमतीनें यादींतील मूळ नोंद तशीच ठेवून, समासांत आम्हीं पुढीलप्रमाणें लिहिलें आहे: 'हॉर्नेट काडतुसें, ४५ ग्रेन, मऊ टोंक, दारू काढलेलीं, नग ५, लहान श्वापदांसाठीं, काल १९३० किंवा नंतरचा. दमदम नव्हेत.'