पेरिला : एका वनस्पतीची नावे आणि तिचा इतिहास

वनस्पतींच्या इतिहासाची साधने सामान्यतः तीन मानली जातात : उत्खननात सापडणारे बी, जुन्या ग्रंथांतील उल्लेख आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचे वर्गीकरण. यांच्या जोडीला चौथे एक साधन आहे, ते म्हणजे लोकांनी त्या वनस्पतीस दिलेले नाव. हे साधन सर्वांत सहज हाती येते आणि म्हणूनच सर्वांत सावधपणे हाताळावे लागते. पूर्व आशियात भाजी, मसाला, तेल, औषध व बागेची शोभा अशा पाच कामी आलेली पेरिला ही वनस्पती या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. प्रस्तुत टिपणात तिच्या नावांचा मागोवा घेऊन ती नावे इतिहासाविषयी काय सांगतात व कोठे दिशाभूल करतात, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वनस्पतीची ओळख. पेरिला ही तुळस, सब्जा व पुदिना यांच्या कुळातील वर्षायू वनस्पती होय. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी दातेरी कडांची रुंद पाने, शेंड्याकडे लहान फुलांचे तुरे आणि त्यांत बारीक गोल फळे असे तिचे स्वरूप आहे. तिचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. एक उंच वाढणारा, मोठ्या बियांचा, तेलासाठी लावला जाणारा. दुसरा सुगंधी पानांचा, कधी हिरवा, कधी गर्द जांभळा, कधी कुरळ्या पानांचा. दुसऱ्या प्रकाराचा वास मुख्यत्वे पेरिलाल्डिहाइड या द्रव्यामुळे येतो. तेलाच्या प्रकारात ते सामान्यतः नसते. परंतु दोहोंची गुणसूत्रे चाळीसच असून त्यांचा परस्परांशी संकर होतो. म्हणून शास्त्र त्यांना एकाच जातीत घालते. या जातीचा एक पूर्वज वीस गुणसूत्रांचा रानटी पेरिला असावा आणि दोन पूर्वजांच्या संकरातून आजची जाती गेल्या दहा हजार वर्षांच्या आत उत्पन्न झाली असावी, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात काढण्यात आला.

शास्त्राने जे एक मानले ते लोकभाषांनी मात्र सर्वत्र एक मानलेले नाही. चिनी भाषेत तेलाच्या प्रकारास 'रेन' असे जुने नाव आहे. सुगंधी प्रकारास 'सू' म्हणतात आणि रंगावरून त्याचे 'त्झु-सू' म्हणजे जांभळा सू व 'पाय-सू' म्हणजे पांढरा सू असे भेद करतात. पुढे 'पाय-सू' हे नाव तेलाच्या प्रकारासही लागले. जपानीत तेलाचा तो 'एगोमा' आणि सुगंधी तो 'शिसो'. कोरियन भाषेत पहिला 'दुल्क्के', दुसरा 'छाजोगी'. जपानी 'शिसो' हा 'त्झु-सू' या चिनी शब्दाचाच जपानी उच्चार होय. व्हिएतनामी 'तिआ तो' हेही तेच नाव असून त्यातील 'तिआ' हा जांभळ्या रंगाचा वाचक शब्द त्या भाषेत पूर्णपणे रुळलेला आहे. म्हणजे सुगंधी पानाचे नाव चीनमधून बाहेर गेले. ते औषधी व पाकशास्त्रीय ज्ञानाबरोबर गेले असावे, असे मानण्यास जागा आहे. ली शि-जन याने १५७८ साली पूर्ण केलेल्या 'पेन-त्साओ कांग-मू' या औषधीकोशात 'सू' या नावाचा संबंध चित्त व शरीर मोकळे होण्याशी लावला आहे. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, वैद्य या पानाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते हे तीवरून कळते.

तेलाच्या प्रकाराची कथा याहून निराळी व अधिक बोधप्रद आहे. जपानमध्ये तोरिहामा येथील जोमोनकालीन अवशेषांत पेरिलाची फळे सापडली आहेत. म्हणजे भातशेती तेथे पोहोचण्यापूर्वीच ही वनस्पती लोकांच्या परिचयाची होती. तिचे देशी जपानी नाव केवळ 'ए' असे एकाक्षरी आहे. तोक्योतील 'एबारा' या स्थलनामात आजही याच वनस्पतीचे चिन्ह लिहिले जाते. मग 'एगोमा' कोठून आले? यातील 'गोमा' म्हणजे तीळ. आणि तो शब्द चिनी 'हू-मा' या नावाचा जपानी अवतार होय. 'हू' म्हणजे पश्चिमेकडील परके लोक आणि 'मा' म्हणजे अंबाडी-भांगेसारखी तंतूची वनस्पती. तिळाची लागवड प्रथम भारतीय उपखंडात झाली व तेथून तो सर्वत्र पसरला, असे आज सामान्यतः मानले जाते. तेव्हा चीनमध्ये तीळ पाहुणा म्हणून आला, त्याच्या नावातच त्याचे परकेपण नोंदले गेले. आणि त्याच पाहुण्याच्या नावाने पुढे जपानमध्ये घरच्या 'ए'ची ओळख करून दिली जाऊ लागली. यजमानास पाहुण्याच्या नावाने ओळखावे, असा हा प्रकार आहे.

हे का झाले याचा धागा सहाव्या शतकातील 'छि-मिन याव-शू' या चिनी कृषिग्रंथात सापडतो. ग्रंथकार ज्या स-श्ये याने रेनच्या लागवडीविषयी व तेलाविषयी जे लिहिले आहे ते प्रत्यक्ष शेतकऱ्याचे लिहिणे वाटते. बी कोठेही पडले तरी उगवते व वर्षानुवर्षे आपोआप येत राहते. परंतु चिमण्यांना ते फार आवडत असल्याने घराजवळच लावावे, असे तो सांगतो. तेल हिरवट व सुवासिक असते. पदार्थ शिजविण्यास ते तिळाच्या तेलाच्या खालोखाल, पण भांगेच्या बियांच्या तेलाहून सरस. केसांस लावण्यास मात्र निरुपयोगी. कापडास चोपडण्यास उत्तम, असा त्याचा अभिप्राय आहे. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, सहाव्या शतकातच तिळाचे तेल हे मोजण्याचे माप झाले होते. नावातील बदलाच्या मुळाशी हीच तुलना असावी, असे अनुमान करता येते.

कोरियन भाषेने हीच तुलना व्याकरणात बसविली. तेथे 'क्के' हा दोन्ही तेलबियांचा समान शब्द; तीळ तो 'छाम्क्के', म्हणजे खरा क्के, आणि पेरिला तो 'दुल्क्के', ज्यातील पहिल्या अंगाचा अर्थ आजच्या बोलणाऱ्यास 'रानचा' असा लागतो. थाई भाषेतही पेरिलाच्या नावात तिळाचा 'ङा' हा शब्द आहे. आपल्या देशात मेघालयातील खासी भाषेत काळ्या तिळास 'नेइ-इओंग' म्हणजे काळा नेइ, तर पेरिलास 'नेइ-लिएह' म्हणजे पांढरा नेइ म्हणतात. याउलट मणिपुरी 'थोइदिङ', नेपाळी 'सिलाम' व गढवाल-कुमाऊंतील 'भंगजीर' ही नावे तिळाशी संबंध ठेवीत नाहीत. शेवटचे नाव तर भांग व जिरे या दोन ओळखीच्या पदार्थांची आठवण करून देते. या सर्व प्रदेशांत पेरिलाचे बी भाजून, वाटून चटणीत वा कोशिंबिरीत घालतात. मणिपुरातील 'सिंजू' हे त्याचे परिचित उदाहरण.

मराठी वाचकास ही नामपद्धती अपरिचित वाटू नये. 'तेल' हा आपला शब्दच 'तिल' पासून 'तैल' या रूपाने आलेला आहे. म्हणजे एका बियांच्या रसाचे नाव सर्व स्निग्ध रसांस लागले. ज्यास आपण कारळे म्हणतो त्यास हिंदीत 'रामतिल' म्हणतात, आणि मराठीतच त्याचे दुसरे नाव 'खुरासणी' असे आहे. वस्तुतः कारळ्यांचा तिळाशी कुळाचा संबंध नाही, आणि त्यांचे मूळ खुरासानात नसून इथिओपियात आहे. केवळ नावावर विसंबून कारळ्यांचा इतिहास लिहिणारा जशी चूक करील, तशीच पेरिलास तिळाचा रानटी भाऊ समजणारा करील.

तेलाच्या उपयोगाचा इतिहासही नावामागे झाकला गेला आहे. पेरिलाचे तेल हवेत लवकर वाळते, कारण त्यात अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. जवसाच्या तेलाचा गुण हाच. म्हणून पूर्व आशियात छत्र्यांचे कागद व कापड त्याने जलरोधक करीत. मध्ययुगीन जपानमध्ये क्योतोजवळील ओयामाझाकी येथील तेलकऱ्यांच्या संघाने, इवाशिमिझु हाचिमान देवस्थानाच्या आश्रयाने, या तेलाच्या व्यापारावर मोठे अधिकार मिळविले होते. देवळातील दिवे याच तेलावर जळत. पुढे एदो काळात सरसूवर्गीय बियांच्या तेलाने त्याची जागा घेतली. दिव्याचे काम गेले तशी 'ए'ची प्रतिष्ठा उतरली, पानाचा 'शिसो' मात्र स्वयंपाकघरात टिकून राहिला. जांभळे पान खारविलेल्या उमे फळांत घातले की त्यातील रंगद्रव्य आम्लाच्या संयोगाने तांबडेलाल होते. हिरवे पान कच्च्या माशांबरोबर येते.

युरोपात या वनस्पतीचा प्रवेश नावांच्या गोंधळातूनच झाला. लिनीअसने १७५३ साली तिला तुळशीच्या प्रजातीत घालून 'फ्रुटेसेन्स' म्हणजे झुडुपासारखी असे विशेषण दिले. वास्तविक ती वर्षायू आहे. 'पेरिला' ही स्वतंत्र प्रजाती त्याने १७६४ साली मांडली. थुनबर्गने १७८४ साली जपानमधील कुरळ्या पानांचा प्रकार पुन्हा तुळशीतच घातला. आणि आजचे संयुक्त नाव ब्रिटनने १८९४ साली रूढ केले. दरम्यान इंग्रजी उद्यानांत तिला केवळ रंगासाठी मान मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फुलझाडांच्या वाफ्यांत गर्द जांभळ्या पानांची पार्श्वभूमी म्हणून ती लावीत. पुढे जावाहून आलेल्या कोलिअसने तिला मागे सारले. अमेरिकेत ती बागेतून निसटून रानोमाळ पसरली आणि पानाच्या रंगावरून 'बीफस्टीक प्लांट' म्हणविली गेली. तेथे तिच्यातील पेरिला कीटोन हे द्रव्य चरणाऱ्या गुरांच्या फुप्फुसांस घातक ठरते. जे पान एका देशात ताटात, तेच दुसऱ्या देशात कुरणातील विष. जातीचे नाव एकच, पण द्रव्यांचे प्रमाण प्रकारागणिक निराळे.

लागवडीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ताज्या बियांस काही काळ सुप्तावस्था असते आणि उगवण्यास उजेड लागतो. म्हणून बी वरचेवर पेरून मातीने जाड झाकू नये. शेंडा खुडला असता फांद्या फुटतात व पाने अधिक मिळतात. दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते आणि पानांची वाढ थांबते. या गुणामुळे फुलण्याच्या क्रियेच्या संशोधनात ती फार उपयोगी पडली. झेवार्ट याने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान दिवसांत ठेवलेले तिचे पान दुसऱ्या झाडावर कलम केले असता तेही फुलते, असे दाखविले. जपान व कोरियात पानासाठी लागवड करणारे शेतकरी हिवाळ्यात रात्री दिवे लावून तिला फुलू देत नाहीत. ज्या वनस्पतीच्या एका प्रकाराने शतकानुशतके दिवे पेटविले, तिच्या पानांसाठी आज माणसाला दिवे लावावे लागतात.

या विवेचनाचा व्यावहारिक भाग मराठीपुरता असा. महाराष्ट्रात ही वनस्पती परंपरेने लावली जात नाही व तिला रूढ देशी नाव नाही. परंतु भाषांतरांतून व पाककृतींतून ती आपल्याकडे येऊ लागली आहे. कोरियन 'क्केन्निप' या पानाच्या नावाचे इंग्रजीत 'तिळाचे पान' असे जे भाषांतर सर्रास होते, तेच मराठीत उतरल्यास वाचक तिळाचे पान खुडावयास जाईल. कोशकारांनी 'रानतीळ' सारखा नवा शब्द घडविण्यापेक्षा 'पेरिला' हे शास्त्रीय नाव अथवा हिमालयात आधीच बोलले जाणारे 'भंगजीर' हे नाव स्वीकारणे उचित ठरेल. नाव हे वंशाचा पुरावा नसते, तुलनेचा पुरावा असते. त्या मर्यादेत वाचले तर ते इतिहासास साहाय्यक होते, एवढे निदर्शनास आणणे हाच या टिपणाचा हेतू आहे.