ब्राउझरमधल्या भिंती

गूगलने २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम ब्राउझर आणला, तेव्हा त्याची रचना समजावून द्यायला चक्क एक चित्रकथा काढली होती. चित्रकार स्कॉट मॅकक्लाउड. संगणकसुरक्षेवरचा इतका वाचनीय दस्तऐवज माझ्या पाहण्यात दुसरा नाही. इंटरनेटवरून आलेले पान पडद्यावर मांडणारा भाग एका बंद खोलीत कोंडायचा, ही त्यातली एक मुख्य कल्पना. या कोंडीला ‘सँडबॉक्स’ म्हणतात. पानातून घातक कोड शिरला, तरी तुमच्या फायलींपर्यंत त्याचा हात पोहोचू नये.

मात्र ही भिंत संगणकाच्या रक्षणासाठी होती. बार्थ, जॅक्सन आणि राइस यांनी क्रोमच्या चमूसह त्याच वर्षी लिहिलेल्या शोधनिबंधात ही मर्यादा मोकळेपणाने सांगितली आहे. वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम. आत मात्र दोन बिऱ्हाडे एकाच खोलीत. भलत्याच पानात बँकेच्या पानाची चौकट बसवली, तर दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये चालत. एका स्थळाने दुसऱ्याचे वाचू नये, हा नियम नेटस्केपने १९९५ मध्येच घातला होता. पण तो पाळायला लावणारा पहारेकरीही त्याच खोलीत!

जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ उघड झाला. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच चालवतो. त्यातून उरलेल्या खुणांवरून त्याच प्रोसेसमधली मेमरी ताडता येते, तीही साध्या जावास्क्रिप्टने. ब्राउझरमध्ये एकही चूक नसली, तरी. सुदैवाने प्रत्येक स्थळाला वेगळी प्रोसेस देण्याचे काम राइस आणि सहकारी कित्येक वर्षे करतच होते. त्याच वर्षी क्रोम ६७ मध्ये ते डेस्कटॉपवर जवळजवळ सर्वांना लागू झाले. फायरफॉक्सला २०२१ उजाडले.

या भिंतींना मेमरी लागते : डेस्कटॉपवर सुमारे १० ते १३ टक्के जास्त. म्हणून अँड्रॉइडवर २०१९ मध्ये क्रोम ७७ ने हे संरक्षण दिले, ते निदान २ जीबी मेमरीच्या फोनना आणि पासवर्ड टाकून वापरल्या जाणाऱ्या स्थळांपुरतेच. अभियंत्यांचा हिशेब मला समजतो. फोन अडखळू लागला तर लोक ब्राउझरच बदलतील. पण आपल्याकडे १ जीबीच्या फोनवरही बँकेचे व्यवहार होत होते, आणि त्या खातेदाराच्या खोलीला भिंत मिळाली नाही.