भयकथेचे वातावरण आणि त्याचे अध्यापन

भयकथा वाचून झाल्यावर वर्गात विचारावे, 'भीती कशाची वाटली?' बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : भुताची. परंतु 'भीती कोठपासून वाटू लागली?' असे विचारले, म्हणजे वर्ग घुटमळतो. कारण भूत येण्याच्या पुष्कळ आधीच मन धास्तावलेले असते. हा दुसरा प्रश्न वाङ्मयात कसा उभा राहिला आणि त्याचे उत्तर शिकविण्याजोगे कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे या विचाराचे मूळ फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना ओसाड घर, अरण्य, कोल्ही, घुबडे यांची गणना केली आहे. स्थळ आणि ध्वनी यांच्या योगाने भय जागे होते, हे त्यात आलेच. तथापि भरतापुढे रंगभूमी होती. एकट्याने वाचावयाच्या लघुकथेत हेच कार्य नुसत्या शब्दांनी कसे साधावे, याचे सूत्र मांडले ते एडगर अ‍ॅलन पो (१८०९–१८४९) या अमेरिकन लेखकाने.

पो हा मासिकांवर उपजीविका करणारा लेखक व संपादक. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना १८४२ साली त्याने लिहिले की, कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी. लेखकाने आधी एकच परिणाम मनाशी निश्चित करावा आणि पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्याच्याच सेवेला लावावा. बैठक मोडली की व्यवहार मध्ये शिरतो आणि जमलेला भाव विरून जातो.

हे सूत्र त्याने आधी आचरून दाखविले होते. १८३९ सालच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' या कथेच्या आरंभी शरदातील एक मळभट, निःशब्द दिवस आहे. एकटा घोडेस्वार एका जुन्या वाड्यापाशी येतो आणि त्याचे मन खिन्न होते. या दृश्यातील तपशिलांची मांडणी बदलली तर हा विषाद कमी होईल काय, असा विचार करून तो शेजारच्या तळ्यात वाड्याचे प्रतिबिंब पाहतो आणि अधिकच शहारतो. वातावरण तपशिलांच्या मांडणीतून घडते, हा धडाच जणू पोने कथेत गुंफला आहे. वाड्याच्या भिंतीवर छपरापासून तळ्यापर्यंत गेलेली एक अस्पष्ट भेगही त्याने आरंभीच दाखविली आहे; शेवटी वाडा दुभंगतो तो त्याच भेगेवर.

पुढे क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३ साली 'अंडरस्टँडिंग फिक्शन' हे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. त्यात ही कथा त्यांनी घेतली खरी, परंतु तिच्यातील भय हे भयापुरतेच राहते, त्याला शोकात्म खोली येत नाही, अशा आशयाचा आक्षेपही घेतला. अध्यापकाने हा आक्षेप वर्गापुढे अवश्य ठेवावा आणि जोडीला डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची १९०२ सालची 'द मंकीज पॉ' वाचावी. हिंदुस्थानातून परतलेल्या एका सैनिकाने आणलेला माकडाचा पंजा तीत आहे. बाहेर थंड, पावसाळी रात्र. आत शेगडीची ऊब आणि बुद्धिबळाचा डाव खेळणारे बापलेक. येथे वातावरण काळोखाने नव्हे, उबेने घडते. जे हरवणार आहे तेच आधी दाखविले आहे; म्हणून शेवटी दारावर थाप पडते, तेव्हा दारापलीकडचे काहीही न दाखविता जेकब्स आपल्याला भेदरवून सोडतो.

तेव्हा 'काळोख', 'किंकाळी', 'स्मशान' अशा शब्दांच्या याद्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्यांना एखाद्या कथेचा आरंभ द्यावा आणि त्यातील ऋतू बदलून, किंवा विशेषणे गाळून, तो पुन्हा लिहावयास सांगावे. कोणत्या बदलाने भय ओसरले, हे ज्याचे त्याला कळते.

हा अभ्यास केवळ परीक्षेपुरता नाही. भय घडविता येते, आणि ते घडविणारे सगळेच कथाकार नसतात. अफवा पसरविणाराही प्रसंगापूर्वी वातावरणच तयार करीत असतो. आपल्या मनातील धास्ती कोणत्या शब्दापासून सुरू झाली, हे शोधण्याची सवय ज्याला वर्गात लागली, तो अशा वेळी क्षणभर थांबेल आणि मग विश्वास ठेवावयाचा की नाही, हे ठरवील.