रानफुलं, रंगपेटी आणि आपली टेकडी

रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की सोसायटीचा इतिहास आलाच. नोंदणी कधी झाली, ताबा कधी मिळाला, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घालावे लागले, हे सगळं या अंकात इतर सभासदांनी लिहिलंच आहे, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला एका वेगळ्याच नोंदीबद्दल लिहायचंय. आपल्या मागच्या टेकडीवर पंचवीस वर्षांपूर्वी श्रावण-भाद्रपदात काय काय फुलायचं, याची नोंद कुठे आहे?

ऑफिसातल्या लोखंडी कपाटात मंजूर नकाशा आहे, सात-बारा आहे, पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आहे. टेकडीचं मात्र काहीच नाही. घरोघरच्या अल्बममध्ये ती दिसते, पण वाढदिवसाच्या केकमागे, खिडकीतून, धूसर. जुने सभासद सांगतात की तेरडा आणि सोनकी पार कुंपणापर्यंत यायची. आज कुंपणाशी गिरिपुष्पाची दाट झाडी आहे. तोंडी आठवणीपलीकडे याला पुरावा नाही.

असा पुरावा आपल्या मुलखात कोणी ठेवला होता का, तो कसा ठेवला आणि त्याचं पुढे काय झालं, याचा हा थोडा इतिहास. त्यात तीन चित्रकार भेटतात.

दापोडीचा अनाम चित्रकार

पहिली गोष्ट अगदी शेजारची, दापोडीची. दापोडी म्हटलं की आपल्याला लोकल आणि एसटीचं वर्कशॉप आठवतं. पण इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला तिथे मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि त्याला लागून सरकारी वनस्पती उद्यान होतं. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘दापुरी’. अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर या उद्यानाचे अधीक्षक होते. सह्याद्रीतली जंगलतोड पाहून सरकारकडे सतत लिहिणारा हा माणूस १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

याच गिब्सनसाहेबांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. अशी १७२ चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबराच्या राजेशाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती जलरंगातली आहेत. कोऱ्या कागदावर एक फांदी, एक फूल, बाजूला बी किंवा पाकळीचा तपशील, अशी त्यांची मांडणी. पावणेदोनशे वर्षांनंतरही त्या पानांची शीर मोजता येते.

पण चित्रकार कोण होता? त्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. तो पोर्तुगीज-भारतीय असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. साहेबाचं नाव राहिलं, झाडांची लॅटिन नावं राहिली, आणि ज्याने दिवसचे दिवस बसून ती फुलं डोळ्यांत साठवली, तो ‘एक एतद्देशीय चित्रकार’ म्हणून संपला. पुढे गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या आवारात हलला आणि दापोडीची बागही गेली. चित्रं मात्र राहिली.

तैलरंग घराबाहेर कसे पडले

आता थोडं रंगांविषयी, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळायची नाही.

तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचं तेल. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे जाड थर वाळायला कित्येक दिवस लागतात. पूर्वी हे रंग स्टुडिओतच खलावे लागत. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि लागेल तेव्हा टोचून पिळायचा. एकदा टोचली की ती पिशवी नीट बंद होत नसे. रंग सुकायचा, कधी पिशवीच फुटायची. असलं लटांबर घेऊन डोंगरावर कोण जाणार? काही हौशी चित्रकार तरीही जात, पण बहुतेक जण बाहेर फक्त रेखाटन करत आणि चित्र घरी येऊन रंगवत.

१८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पत्र्याच्या, टोपण असलेल्या नळीचं पेटंट घेतलं. टूथपेस्टच्या ट्यूबची ही आजीच म्हणा. हवा तेवढा रंग पिळा, टोपण लावा, पिशवीत टाका. घडीची तिपाई, छोटी रंगपेटी आणि या नळ्या एवढं घेऊन चित्रकार शेतात, नदीकाठी, डोंगरउतारावर जाऊन बसू लागले. फ्रान्समध्ये मोने, पिसारो वगैरे मंडळींनी जे करून दाखवलं, त्याला या साध्या नळीचा मोठा हातभार होता.

उघड्यावर तैलरंगात काम करायचं तर घाई करावी लागते. ऊन दीड-दोन तासांत फिरतं आणि सावल्या जागा सोडतात. रानफूल खुडलं की मान टाकतं, म्हणून ते जागेवरच रंगवावं लागतं. ओल्या रंगावर चिलटं चिकटतात, वाऱ्याने माती येते, आणि ओलं चित्र घरी नेणं हीसुद्धा एक कसरतच असते. आपल्याकडे रानफुलांचा बहर नेमका पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, म्हणून वाळायला आणखी वेळ. पण एक गंमत आहे. चार थेंब पाऊस आला की जलरंगातलं चित्र वाहून जातं, तैलरंगावरून मात्र पाणी नुसतं ओघळतं. श्रावणातल्या ऊन-पावसात हे माध्यम वाटतं तितकं गैरसोयीचं नाही.

मरियन नॉर्थ

हे रंग घेऊन खरोखरच जगभर फिरली ती मरियन नॉर्थ नावाची इंग्रज बाई. जन्म १८३०, हेस्टिंग्जचा. वडील पार्लमेंटचे सभासद. ते १८६९ साली गेले, तेव्हा मरियन एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, अविवाहित आणि पैशाच्या बाबतीत स्वतंत्र. त्या काळच्या रीतीप्रमाणे आता त्यांनी भावाबहिणीच्या घरी बसून विणकाम करायचं. त्याऐवजी १८७१ साली त्या अमेरिकेच्या बोटीत बसल्या, तिथून जमैकाला गेल्या, मग ब्राझील, जपान, बोर्निओ, सिलोन. १८७७ ते १८७९ या काळात त्या हिंदुस्थानात होत्या.

तंजावरला त्यांची ओळख आर्थर बर्नेल या न्यायाधीशांशी झाली. मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवं. आपल्या सरफोजीराजांच्या सरस्वती महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारे ते हेच बर्नेल. हिंदू लोक पवित्र मानतात अशा झाडांची चित्रं काढायचा मरियन यांनी इथे ध्यासच घेतला.

त्यांची पद्धत सरळ होती. जाड कागदावर शाईने पटकन आकृती, आणि वर तैलरंग, नळीतून आला तसा, फारसं कालवाकालव न करता. चित्रकलेचे जाणकार त्यांच्या रंगांना भडक म्हणत. पण दापोडीच्या चित्रांत आणि यांच्या चित्रांत एक मोठा फरक आहे. दापोडीचं फूल कोऱ्या कागदावर एकटं आहे. मरियन यांचं फूल त्याच्या घरी आहे. मागे डोंगर, खाली दगड, पानावर किडा, शेजारी दुसरं झुडूप. फूल कुठे राहतं, कोणाच्या सोबतीने राहतं, हेही चित्रात आलं.

त्याचा उपयोग काय, तर बोर्निओतल्या सारावाकमध्ये त्यांनी एक मोठी घटपर्णी रंगवली होती. ते चित्र पाहून इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेने आपला माणूस ती शोधायला पाठवला. वनस्पती सापडली, शास्त्राला नवी निघाली, आणि १८८१ साली जोसेफ हूकर यांनी तिला मरियन यांचं नाव दिलं.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते मात्र चित्रं काढण्याचं नाही, ठेवण्याचं. त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानाला पत्र लिहून कळवलं की माझी सगळी चित्रं देते आणि ती ठेवायची इमारतही माझ्या खर्चाने बांधते. इमारतीचा आराखडा केला जेम्स फर्ग्युसन यांनी. अजिंठा-वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांवर ज्यांचे ग्रंथ आहेत तेच हे फर्ग्युसन. १८८२ साली दालन उघडलं. आठशेच्या वर चित्रं, भिंतीला भिंत दिसू नये इतकी खेटून, देशवार लावलेली. खाली निरनिराळ्या झाडांच्या लाकडांचे २४६ नमुने. येणाऱ्यांना चहा-कॉफी मिळावी अशी त्यांची इच्छा होती, हूकर यांनी ती नाकारली, तर या बाईंनी दारांवर चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून ठेवलं! १८९० साली त्या गेल्या. दालन आजही उघडं आहे आणि चित्रं जिथे लावली तिथेच आहेत.

कोल्हापूरचे आबालाल

तिसरी गोष्ट आपल्या मातीतली. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिथे शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान हे महाराष्ट्रातल्या निसर्गचित्रणाचे एक मूळपुरुष. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. पण दरबारापेक्षा त्यांचा जीव रमला तो रंकाळ्याच्या काठी, पंचगंगेच्या घाटावर आणि कोटितीर्थाच्या परिसरात. संसार केला नाही. सकाळचं धुकं, तिन्हीसांजेचा उजेड, पाण्यात पडलेलं देवळाचं प्रतिबिंब, तीच जागा पुन्हा पुन्हा, वेगळ्या वेळी. जलरंग असो की तैलरंग, हात सारखाच चालायचा. पुढे कोल्हापुरात निसर्गचित्रणाची जी परंपरा उभी राहिली, तिच्या मुळाशी आबालाल आहेत.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले. आयुष्यभराच्या कामातली थोडीच चित्रं आज पाहायला मिळतात. शंभर वर्षांपूर्वीचा रंकाळा कसा होता, काठाला कोणती झाडं होती, हे ज्याने सगळ्यात जास्त पाहिलं, त्याच्या पाहण्यातलं बहुतेक आपल्या हाती लागलेलं नाही.

आपल्यासाठी यात काय

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दापोडीची चित्रं राहिली, चित्रकाराचं नाव गेलं. आबालालांचं नाव राहिलं, चित्रं गेली. मरियन नॉर्थ यांची दोन्ही राहिली. त्या तिघांत सगळ्यात थोर चित्रकार होत्या म्हणून नव्हे. माझ्या मते तो मान आबालालांचा. मरियन यांच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या आणि राज्यकर्त्यांच्या जातीत जन्म होता, हेही खरंच. पण त्यांनी वेळेवर एक साधा प्रश्न विचारला की माझ्यानंतर हे कुठे राहील? आणि त्याचं उत्तर हयातीतच बांधून टाकलं.

हा प्रश्न आपल्याला विचारता येण्यासारखा आहे, कारण टेकडी अजून आहे. गिरिपुष्पाच्या वरच्या अंगाला, कातळावर जिथे माती थोडी आहे, तिथे अजून निळी नभाळी दिसते, पिवळा कवला दिसतो, नशीब असेल तर कळलावीची लाल-पिवळी ज्वाळाही. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे आपली सोसायटी झाल्यापासून तिला फार तर तीन-चारदा फुलायला मिळालं असेल. रानाचं वेळापत्रक असं लांब असतं. ते कळायला कुणीतरी वर्षानुवर्षं लिहून, रंगवून ठेवावं लागतं.

मोबाईलवर फोटो निघतो, मग चित्र कशाला, असं मुलं विचारतील. फोटो जरूर काढा. पण फोटोला एक क्षण पुरतो आणि चित्राला दोन तास लागतात. दोन तास एका तेरड्यासमोर बसलं की कळतं, गुलाबी रंग एक नसून चार आहेत, फुलामागे वळलेली एक शेपटी आहे आणि तिच्यातल्या मधासाठी कोण कोण येतं. हे एकदा पाहिलेला मुलगा टेकडीवर बुलडोझर चढला तर गप्प बसणार नाही, असं मला वाटतं.

म्हणून व्यवस्थापक समितीकडे एक छोटी सूचना. दरवर्षी गणपती उठल्यावर, सप्टेंबरातला एक रविवार टेकडीसाठी ठेवू या. ज्याला जे जमेल ते: तैलरंग, जलरंग, मुलांचे खडू. चांगलं-वाईट बघायचं नाही, बक्षीसही नको. नियम फक्त एकच. चित्राच्या पाठीमागे चार गोष्टी लिहायच्याच: काढणाऱ्याचं नाव, तारीख, जागा आणि फुलाचं मराठी नाव. आणि ही चित्रं घरी न्यायची नाहीत. ऑफिसातल्या कपाटाचा खालचा कप्पा सध्या जुन्या पावतीपुस्तकांनी भरलेला आहे, तो रिकामा करून द्यावा.

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेला तेव्हा काहीतरी छापायला लागेलच.