दमा आणि व्यायाम (प्रौढांतील)

दमा : श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह. या दाहामुळे श्वासनलिका क्षुल्लक कारणानेही आवळतात, त्यांचे अस्तर सुजते आणि आत चिकट कफ साठतो. धाप, छातीत घरघर, छाती जखडल्यासारखी वाटणे आणि पहाटे लागणारी ढास ही त्याची नेहमीची लक्षणे. प्रौढांच्या दम्यात श्वासातून घ्यायच्या औषधांच्या जोडीला नियमित व्यायामाचे स्थान आता पक्के झाले आहे. तरीही घरातले आणि शेजारपाजारचे लोक दमेकऱ्याला ‘जपून, धावपळ नको’ असेच बजावत असतात.

ही भीती जुनी आहे आणि अगदी निराधारही नाही. धावल्याने किंवा श्रमाने श्वास कष्टाचा होतो, हे दम्याचे लक्षण आरेटीअस या प्राचीन ग्रीक वैद्याने नोंदवून ठेवले आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ५ ते ६ लिटर हवा नाकावाटे आत घेतो. नाक ती गरम व दमट करते. जोराच्या व्यायामात हेच प्रमाण १०० लिटरच्या आसपास जाते आणि श्वास तोंडाने सुरू होतो. कोरडी हवा थेट आत गेल्याने श्वासनलिकांच्या अस्तरातले पाणी उडून जाते आणि उरलेल्या द्रवातील क्षार दाट होतात. मग तिथल्या पेशींतून हिस्टामिन, ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये सुटतात व नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. बहुतेकांना हा त्रास व्यायाम चालू असताना नव्हे, तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जाणवतो आणि तासाभरात आपोआप ओसरतो. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेल्या हवेचे प्रमाण व्यायामानंतर १० टक्के किंवा अधिक घटले, तर निदान पक्के धरतात. असा झटका एकदा येऊन गेला की बऱ्याच रुग्णांत पुढचे एक ते तीन तास तो पुन्हा तितक्या जोराने येत नाही. सुरुवातीला शरीर नीट तापवून घेतल्याचा फायदा होतो तो याच गुणामुळे.

दम्यावर उपचार घेत उच्च दर्जाचा खेळ खेळता येतो, याला पुरावे भरपूर आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकी चमूच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्यांनी मिळून ४१ पदके जिंकली. लहानपणापासून दमा असलेल्या ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला.

सामान्य रुग्णाला मात्र पदक नको असते, जिना चढता यायला हवा असतो. धाप लागेल म्हणून तो हालचाल टाळतो. त्याने स्नायू व हृदय दुबळे होतात, वजन वाढते आणि थोड्या श्रमानेही धाप लागू लागते. ही धाप पुष्कळदा दम्याची नसून सवय सुटल्याची असते. दोन्हींत फरक न कळल्याने तो आणखीच बसून राहतो. व्यायाम हा फेरा मोडतो. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात २१ चाचण्या व ७७२ रुग्ण होते. व्यायामाने प्राणवायू वापरण्याची क्षमता स्पष्ट वाढली, दमा बिघडला नाही. विश्रांतीच्या वेळचे फुप्फुसाचे मापन मात्र फारसे बदलले नाही. साव पावलो येथील २०१५ च्या अभ्यासात मध्यम व तीव्र दम्याच्या प्रौढांनी औषधे चालू ठेवून बारा आठवडे ट्रेडमिलवर व्यायाम केला, तेव्हा श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलताही घटली. म्हणून व्यायाम औषधाची जागा घेतो हा दावा चुकीचा, आणि त्याने दम्याला काही उपयोग नाही हेही तितकेच चुकीचे.

योगाच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. दम्याच्या रुग्णांवरचे अभ्यासही तिथे झाले. १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या बंगळूरच्या अभ्यासात योग करणाऱ्या ५३ रुग्णांचे झटके व औषधे तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झाली. नंतरच्या आढाव्यांनी रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा होते इतकेच मान्य केले. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो, पण दमसास वाढवायला चालणे, सायकल, पोहणे यांना पर्याय नाही.

सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालण्याने करावी व हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग योग्य. आधी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवावे आणि शेवटी एकदम थांबू नये. थंडीतल्या भल्या पहाटेच्या फिरण्याचा आग्रह दमेकऱ्याने सोडलेला बरा. त्या वेळी थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि त्यातच वाहनांचा व पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर साचतो. ऊन वर आल्यावर निघावे. तलावावरची दमट हवा पोहणाऱ्याला मानवते, पण बंदिस्त तलावातला क्लोरीनचा उग्र वास कित्येकांना सोसत नाही. सर्दी-तापात, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल त्या दिवसांत, व्यायाम थांबवावा.

डॉक्टरांनी सांगितले असेल तर व्यायामाआधी पंधरा मिनिटे पंप घ्यावा. मात्र तो रोजच लागत असेल, तर मूळ दाह आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना दाखवावे. झटपट आराम देणाऱ्या नुसत्या साल्ब्युटामोलवर विसंबणे धोक्याचे आहे. दाह शमवते ते श्वासातून घेतलेले स्टिरॉइड. पंप व्यायामाच्या वेळी खिशात हवा, घरच्या कपाटात नव्हे. पंप घेऊनही धाप उतरत नसेल किंवा एक वाक्यही सलग बोलवत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. व्यायामाने बरे वाटू लागले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. दमा दोन-तीन महिने सलग आटोक्यात राहिल्यावरच डॉक्टर मात्रा कमी करण्याचा विचार करतात.