जॅझ, रॉक आणि पंतनगरची ट्रंक

आधीच एक कबुली देऊन टाकतो. ज्या माणसाने पुढचं सगळं प्रवचन लिहिलंय, त्याने स्वतःच्या आजोबांच्या रेकॉर्ड्स भंगारवाल्याला दिलेल्या आहेत.

२००९ साली घाटकोपरची, पंतनगरातली आमची म्हाडाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं होतं. पोटमाळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तर आत साठेक रेकॉर्ड्स! मी तेव्हा सीप्झमध्ये नोकरीला आणि नुकताच जॅझच्या नादी लागलेला. मोठ्या उत्साहाने उकरायला बसलो. बीटल्सची एक एलपी निघाली (काकाची असावी), डेव्ह ब्रुबेकची एक निघाली. त्या दोन बाजूला काढल्या. बाकी सगळ्या जुन्या, जड, ७८ च्या तबकड्या. सी. रामचंद्र, मदनमोहन, शंकर-जयकिशन... म्हणजे 'घरगुती' माल. आई म्हणाली, "आजोबांच्या आहेत रे." मी म्हणालो, "ठेवायच्या कुठे?" भाड्याच्या घरात जागा नव्हती हे खरं. पण जागा असती तरी मी त्या ठेवल्या नसत्या, हे जास्त खरं. भंगारवाल्याने जुन्या टेबलफॅनबरोबर त्या फुकटात नेल्या.

पुढची काही वर्षं मी इमानेइतबारे जॅझ आणि रॉक गोळा केलं. शनिवारी लोकलने फोर्टात, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते २०१६ साली बंद झालं), नाहीतर चोरबाजारात मटन स्ट्रीटला. माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याकडे असते, तशी माझ्याकडेही आहे. या परदेशी रेकॉर्ड्समध्ये मला एक गोष्ट भारी आवडायची. कव्हरवर लिहिलेलं असतं: ट्रंपेट कोणी वाजवला, बेस कोणाचा, ड्रम्सवर कोण. मी ती नावं क्रिकेट टीमसारखी पाठ करायचो.

मग मी अंधेरीला, मरोळला राहायला गेलो. तळमजल्यावर गोव्याचे एक अंकल राहायचे. तरुणपणी फिल्म रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायला जायचे. एका रविवारी माझ्या घरातला आवाज ऐकून वर आले, पाच-दहा मिनिटं माइल्स ऐकला आणि म्हणाले, "हे छान आहे मॅन. पण तुझ्याकडे 'अलबेला' आहे काय?"

होता. पंतनगरच्या ट्रंकेत होता.

अंकलने त्या दिवशी आणि नंतर मी जे वाचलं त्याने, माझ्या डोक्यातला जॅझचा नकाशा उलटा केला. तो थोडक्यात सांगतो.

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड वगैरे मंडळी आली. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका धूनवरूनच नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवरच्या आपल्या पुस्तकाला 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे नाव दिलंय. जरूर वाचा. या अमेरिकनांचं वाजवणं उचललं ते गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य नोटेशन शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की ते वाजवायचे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच. ट्रंपेट आणि गाणं लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचं, आणि नाव लावायचा चिक चॉकलेट! ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा.

मग स्वातंत्र्य आलं, गोरे साहेब गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला. दारू नाही म्हटल्यावर हॉटेलातल्या नाचाच्या रात्रीही ओसरू लागल्या. या वादकांना पोटापाण्यासाठी उरला सिनेमा. आणि सिनेमालाही ते हवेच होते. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती पन्नास माणसांच्या वाद्यवृंदाला वाजवता येईल अशी कागदावर उतरवायचा तो अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट... सगळे गोव्याचे.

आणि इथे आपला मराठी माणूस येतो. पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. भगवानदादांच्या 'अलबेला'ला (१९५१) संगीत त्यांचं, आणि त्यांच्यासोबत चिक चॉकलेट. एका गाण्यात तर चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. 'आशा'मधलं (१९५७) 'ईना मीना डीका' तुम्ही लग्नाच्या संगीतात नाचला असाल. त्यातलं 'माका नाका' हे साधं कोंकणी आहे, 'मला नको'. ते एका गोवेकर वादकाने घातलं असं सांगतात. एल्विसचं रॉक अँड रोल जग गाजवत होतं त्याच काळात दादर-परळच्या थिएटरांत हे वाजत होतं.

आता माझा मुद्दा. मुंबईच्या जॅझवाल्यांच्या हॉटेलातल्या रात्री हवेत विरून गेल्या. स्वतःच्या नावाच्या त्यांच्या रेकॉर्ड्स मोजक्याच निघाल्या. पण त्यांचा वाजवता हात हजारो फिल्मी ७८ वर जसाच्या तसा आहे. म्हणजे मुंबईच्या जॅझचा सर्वांत मोठा संग्रह कुठे असेल, तर तो तुमच्या-माझ्या आजोबांच्या पोटमाळ्यावर. फक्त त्यावर नाव नाही.

नाव का नाही? कारण लेबलवर जागा तीन जणांना: सिनेमा, गायक, संगीतकार. गायकाचंही काही खरं नव्हतं. 'महल'च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे पात्राचं नाव. गायलं होतं लता मंगेशकरांनी! पुढे गायकांची नावं आली. ट्रंपेटवाल्याचं मात्र कधीच आलं नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्या देशाला पाठ आहे, पण ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे, अंड्यातून निघणाऱ्या अमिताभचं म्हणून. तो खरा माणूस होता, अरेंजर होता, प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरू होता, आणि ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

"पण हा काही खरा जॅझ नाही," असं माझा एक कलीग म्हणतो. बरोबर आहे त्याचं. ७८ च्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. त्यात मुखडा, अंतरे आणि मध्ये ट्रंपेटला वीस सेकंद. मनसोक्त आलापी करायला वाव कुठे? शिवाय बरंचसं कागदावर लिहिलेलं. मान्य. पण त्या वीस सेकंदांतला सूर ऐका. तो हॉटेलात रात्र-रात्र वाजवलेल्या माणसाचा आहे. तो दुसरीकडे मिळणार नाही, 'काइंड ऑफ ब्लू' जगात कुठेही मिळेल.

नावं छापली की काय होतं, याचंही उदाहरण आहे. १९६८ ची शंकर-जयकिशन यांची 'रागा जॅझ स्टाइल' ही एलपी. ११ राग, रईस खाँची सतार, मनोहारी सिंगचा सॅक्सोफोन, जॉन परेराचा ट्रंपेट, लेस्ली गोडिन्होचे ड्रम्स. आज हे सगळे ठाऊक आहेत, लोक त्यांची इतर कामं शोधतात. रॉकचंही तेच. सिमला सिगारेटच्या स्पर्धेतल्या बँड्सच्या १९७० आणि ७१ च्या 'सिमला बीट' एलपींवर बँडची नावं होती, म्हणून तर परदेशी संग्राहक त्या शोधत इथे आले.

आणि एक गंमत सांगतो, माझीच फजिती. ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास ७८ बंद झाल्या, त्यामुळे तिथे बीटल्स कधी ७८ वर निघालेच नाहीत. भारतात मात्र चावीचे ग्रामोफोन अजून घरोघरी होते, म्हणून बीटल्सची गाणी इथे ७८ वर निघाली! जगभरचे संग्राहक आज त्यांच्यासाठी जीव टाकतात. म्हणजे ज्या ढिगाची लेबलं मी धड वाचलीही नाहीत, त्यात एखादी बीटल्सची नव्हतीच, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या बिल्डिंगला बोरिवली, मुलुंडपासून कुठेही रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली असेल त्यांना विनंती. आधी पोटमाळा बघा. ७८ उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. स्पिरिटने अजिबात पुसू नका, लाख विरघळते. एलपीच्या सुईने वाजवू नका, ७८ ची सुई जाडी असते. सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं दोन्ही ऐका, कारण सिनेमातला एखादा तुकडा रेकॉर्डवर कापलेला असतो. आणि घरात, शेजारी कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, हे कोण वाजवतंय.

मी 'अलबेला'ची एक तबकडी शेवटी चोरबाजारातून आणली. आजोबांची नव्हे, कुणाच्या तरी आजोबांची. अंकलला खाली जाऊन ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, मधल्या तुकड्याला बोट वर केलं. मी पेन्सिल काढून कागदी पाकिटावर लिहायला लागलो, 'ट्रंपेट: चिक चॉकलेट'.

"तोच वाटतो," अंकल म्हणाले. "पण मी तिथे नव्हतो बाबा. पुढे प्रश्नचिन्ह टाक."

टाकलं. अंकल आता नाहीत. पाकीट माझ्याकडे आहे, प्रश्नचिन्हासकट. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या रेकॉर्डिंगला हजर असलेलं कोणी असेल, तर ते खोडायला मला आवडेल.